बाईची टीम

अंजनाबाई रामटेकेला बास्केटबॉल कळायला तीन वर्षं लागली. एकदा कळल्यावर मात्र तो तिला सुटला नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ती शिपाई होती. नवरा राइस मिलमध्ये हमाली करायचा. तो वारल्यावर ती कामाला लागली, आधी रोजंदारीवर, मग कायम. पोरगी साक्षी नागपूरला नर्स होती, महिन्यातून एकदा घरी यायची. सकाळी वर्ग उघडायचे, प्राचार्यांच्या खोलीत पाणी भरून ठेवायचं आणि मैदानाच्या कोपऱ्यातलं सिमेंटचं कोर्ट झाडायचं, ही अंजनाबाईची कामं. सुरुवातीला तो खेळ तिला शुद्ध येडेपणा वाटायचा. दहा पोट्टे एका चेंडूमागे जीव टाकून धावतात, आणि चेंडू टाकायचा कुठे, तर बूड नसलेल्या टोपलीत! "बूड लावा ना त्याले बाप्पा, घडीघडी उचलाचा तरास वाचन," असं ती एकदा म्हणाली आणि पोरं हसून लोळली.

मग झाडणं झाल्यावर घटकाभर पायरीवर टेकायची सवय लागली. टेकता टेकता नजर बसली. कोण उजवीकडूनच घुसतो, कोण दमला की कमरेवर हात ठेवतो, कोणाला फाऊल दिला की त्याचा खेळ बिघडतो, हे तिला बाकीच्यांच्या आधी कळायला लागलं. तिला कोणी शिकवलं नाही. पण कॉलेजची मॅच असली की अंजनाबाईची रजा ठरलेली. वडश्याला, नागभीडला, गडचिरोलीला, जिथं टीम तिथं ती. एका हातात पदर, दुसऱ्या हातात पाण्याची कॅन, आणि आवाज असा की पंच मागे वळून पाहायचे.

तेव्हा टीम हरायचीच. पहिल्याच फेरीत बाद व्हायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. जुने क्रीडाशिक्षक पोरांना चेंडू देऊन झाडाखाली मोबाइल पाहत बसायचे. त्या हरण्याचं अंजनाबाईला कधी काही वाटलं नाही. घरची गाय दूध देत नाही म्हणून कोणी तिला विकत नाही, तसंच होतं ते.

दोन वर्षांपूर्वी दिव्यानी मॅडम आल्या आणि सगळं फिरलं. मॅडम चंद्रपूरच्या. बाप वीज केंद्रात कामाला होता. स्वतः विद्यापीठाच्या टीममधून खेळलेल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. अकरा महिन्यांच्या करारावर त्यांना घेतलं होतं, तो एकदा वाढवलाही होता. त्या पहाटे साडेपाचला कोर्टावर हजर असायच्या, गळ्यात शिट्टी आणि हातात वही. जो उशिरा येईल तो दहा चकरा. जो सांगून येणार नाही तो त्या आठवड्यात बाहेर बसेल. अतुल हा जुना कॅप्टन, गावातल्या मोठ्या किराणा दुकानदाराचा पोरगा, एकदा चार दिवस आलाच नाही. मॅडमनी त्याची कॅप्टनकी काढली आणि निकेशला दिली.

निकेश हलामी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा. आई-बाप धानाची शेती करायचे, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. आदिवासी वसतिगृहात राहायचा, कमी बोलायचा. उडी घ्यायचा तेव्हा वाटायचं की पोरगा खाली यायचं विसरला. रविवारी तो अंजनाबाईच्या घरी जेवायला यायचा. ती लाखोरीच्या डाळीचे वडे करायची आणि तो मान खाली घालून मोजता येणार नाहीत इतके खायचा. "हळू खा रे, कोनी नेत नाई," ती म्हणायची.

पहिल्या वर्षी टीम तिसरी आली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या डिसेंबरात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या थेट फायनलला पोचली. फायनल चंद्रपूरला, भद्रावतीच्या कॉलेजशी.

निघायच्या आदल्या सकाळी मॅडमनी पोरांना कोर्टावर गोल बसवलं. अंजनाबाई तिथंच झाडत होती. मॅडम म्हणाल्या, "एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. माझा करार या महिन्यात संपतो. प्राचार्य सर म्हणालेत, ट्रॉफी आणली तर पुढं वाढवू. तुमच्यावर दडपण यावं म्हणून सांगत नाहीये. तुम्ही माझी पोरं आहात, तुमच्यापासून काय लपवायचं, म्हणून सांगतेय."

अंजनाबाईनं झाडू थांबवला आणि मोठ्यानं म्हणाली, "आनतेत ना! न आनाले काय झालं?" मॅडम हसल्या.

*

रविवारी सकाळी दोन गाड्या निघाल्या. टीम आणि मॅडम छोट्या गाडीत, आणि मागं पोरापोरींनी भरलेली एसटी, खास ठरवलेली. ती विक्कीनं ठरवली होती. विक्की शेवटच्या वर्षाचा, स्वतः कधी चेंडूला हात लावला नाही, पण लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा आणि टीम त्याला जीव की प्राण होती. त्यानं कापडी फलक रंगवून घेतला होता, 'ब्रह्मपुरीचे वाघ'. सिंदेवाहीपर्यंत ढोल थांबला नाही. अंजनाबाई पहिल्या सीटवर बसली होती, मांडीवर पाण्याची कॅन. तिला वाटत होतं, आपण नवरदेवाकडचे आहोत.

मैदानात मात्र समोरच्या बाजूला भद्रावतीची गर्दी दुप्पट होती. टीम वॉर्म-अपला आली तशी तिकडून आरोळी उठली.

"बाईची टीम! बाईची टीम!"

एक जण ओरडला, "ए, मम्मीले विचारून खेळ बे!" आणि सगळे खदाखदा हसले.

ही आरोळी नवी नव्हती. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या मुलांच्या टीमला बाई शिकवत नव्हती, म्हणून जिथं जावं तिथं हे ऐकावं लागायचं. मॅडम कधी मान वळवायच्या नाहीत. अंजनाबाई वळवायची. त्या दिवशीही ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "बाईनंच पैदा केलं ना रे तुमाले, का झाडावरून पडले?" आपल्या बाजूला टाळ्या पडल्या. पण तिनं पाहिलं, अतुलचे कान लाल झाले होते, आणि निकेश बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधत होता.

अर्ध्या वेळेपर्यंत ३८–२४. ब्रह्मपुरी चौदा पॉइंटनं पुढं. विक्कीच्या तळहाताला फोड आले. निकेशनं दोनदा अशी उडी घेतली की भद्रावतीच्या बाजूचेसुद्धा 'अरे' म्हणाले. अंजनाबाईनं कॅनमधलं पाणी शेजारच्या अनोळखी माणसांनाही वाटलं.

दुसऱ्या अर्ध्यात काहीतरी झालं. काय झालं ते कोणाला सांगता आलं नसतं. रिबाउंडला उडी कमी पडू लागली. पास एक वीत मागे पडायला लागले. मॅडमनी एकदा वेळ मागून घेतली, समजावलं, अतुलला आत घेतलं. अतुल आत आल्यावर निकेश प्रत्येक पासच्या आधी त्याच्याकडे पाहू लागला. अंजनाबाईला ते खटकलं. निकेश कधी कोणाकडे पाहून खेळत नसे. आधी तो खेळायचा, मग लोकांनी त्याच्याकडे पाहायचं.

दोन मिनिटं उरली तेव्हा ५७–५५. अजून दोननं पुढं. निकेशला फाऊल मिळाला, दोन फ्री थ्रो. सारी बाजू श्वास धरून उभी राहिली. फ्री थ्रोच्या आधी निकेश चेंडू तीनदा जमिनीवर आपटायचा, एक श्वास सोडायचा आणि टाकायचा. दोन वर्षं, रोज सकाळी, शंभरदा. अंजनाबाई मनातल्या मनात मोजायची, एक, दोन, तीन.

त्या दिवशी त्यानं चेंडू आपटलाच नाही. हातात आला तसा फेकला. रिंगला शिवलासुद्धा नाही. दुसराही तसाच.

भद्रावतीनं तीन पॉइंटचा शॉट मारला. अतुलनं चेंडू सरळ रेषेबाहेर फेकला, जिथं कोणीच नव्हतं. मग आणखी एक बास्केट, मग एक फ्री थ्रो. शिट्टी वाजली. ५७–६१.

विक्की ढोलावर वाकून रडला. जरा वेळानं उठला तो रागानं लालबुंद होऊन. फलक टराटरा फाडला आणि मॅडमच्या पुढं जाऊन उभा राहिला.

"काय मॅडम! चौदाची लीड घालवली! चांगले खेळून राह्यलेले पोट्टे, मधातच अतुलले काऊन घातलं? तुमच्यानं जमत नाई तं सोडून द्या ना!"

मागची पोरं ओरडली, "मॅडम हटाव!" एकानं पाण्याची रिकामी बाटली फेकली. ती मॅडमच्या पायाजवळ पडली. मॅडमनी बाटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "विक्की, चूक माझी आहे. आता गाडीत बस."

पोरं बाकावर बसली होती, टॉवेल डोक्यावर घेऊन. एकही उठला नाही. एकही म्हणाला नाही की मॅडमची चूक नाही.

अंजनाबाईनं विक्कीचं मनगट धरलं. "गप रे. तुले काय समजते?" पण आपल्याला काय समजलं आहे हे स्वतःशी बोलायची तिची हिंमत होत नव्हती.

*

परतीच्या वाटेवर मूलला दोन्ही गाड्या चहासाठी थांबल्या. पाच वाजून गेले होते, ऊन उतरलं होतं. मॅडम गाडीतच बसून राहिल्या, वही उघडून. टीमची पोरं टपरीच्या मागं उभी होती. अंजनाबाई वळसा घालून गेली तेव्हा अतुल मोबाइलवर कोणाला तरी काही दाखवत होता, आणि हसत होता. तिला पाहून त्यानं मोबाइल खिशात टाकला.

निकेश बाजूला एकटाच होता, हातातला चहा तसाच. अंजनाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चेंडू काऊन नाई आपटला?"

"कोनता जी मावशी?"

"फ्री थ्रोले. तू तीनदा आपटतेस. आज एकदाई नाई आपटला."

"ध्यान नाई राह्यलं."

"निकेश, माह्याकडं पाय."

त्यानं पाहिलं नाही. कपातल्या चहावर साय धरली होती, तो त्या सायीकडं पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मावशी, एकच मॅच तं होती."

अंजनाबाईनं कितीही ओळखलं असलं तरी तिला वाटत होतं, तो नाही म्हणेल, रागावेल, काऊन मावशी, असं काऊन मनता म्हणेल.

"कोनी सांगतलं?"

"सर्वायनंच ठरवलं. अतुलनं... सर्वायनं. हरलो की मॅडम जाते, मंग जुने सर येतेत. मावशी, तुमाले नाई समजत. जिथी जावाव तिथी लोकं हासतेत. बाईची टीम, बाईची टीम. होस्टेलात मले मॅडमचा चमचा मनतेत. कॅप्टन झालो तवापासून एकई जन धड बोलत नाई माह्याशी. मी नाई मनलं असतं तं... मी एकटा काय करू?"

"सांगाचं होतं मॅडमले."

त्यानं कप तोंडाशी नेला आणि न पिताच खाली घेतला.

"तिनं तुले कॅप्टन केलं रे. तिनं तुमाले सांगतलं, माही नोकरी तुमच्या हाती हाय. पोरं मनून सांगतलं. अन् तुमी त्याच गोष्टीचा फायदा घेतला?"

एसटीचा हॉर्न वाजला. निकेशनं चहा टपरीच्या मागं ओतला. "मावशी, कोनाले सांगू नका जी. माह्यं पोलीस भरतीचं सर्टिफिकेट हाय, खेळाडू कोट्याचं. बाबा वाट पाहून राह्यले त्या सर्टिफिकेटाची." एवढं बोलून तो निघून गेला.

ब्रह्मपुरी येईपर्यंत अंजनाबाई खिडकीबाहेर पाहत होती. आठ वर्षं ती या टीमच्या मागं फिरली. उन्हात बसली, घसा बसेपर्यंत ओरडली, साक्षीच्या साखरपुड्याच्या बोलणीच्या दिवशीसुद्धा मॅच होती म्हणून दुपारपर्यंत गेली नव्हती. साक्षीनं त्यावरून आठ दिवस अबोला धरला होता. तेव्हा अंजनाबाईला वाटलं होतं, पोरीला काय कळतं. आता मागच्या सीटवर विक्की मॅडमना शिव्या घालत होता, सगळी बस त्याला साथ देत होती, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते पुढच्या गाडीत निवांत झोपले असतील. त्यांनी मॅडमना फसवलं, हे तर होतंच. पण अर्ध्या वेळेला ती हरखून पाणी वाटत होती, तेव्हा ती पोरं मनात काय म्हणत होती? मावशी ओरडून राह्यली, ओरडू दे? हा विचार आला आणि मूलपासून आवरलेलं रडू बाहेर पडलं. शेजारची पोरगी म्हणाली, "जाऊ द्या जी मावशी, पुढच्या साली जिंकू." अंजनाबाईनं मान हलवली.

*

मंगळवारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक बसली. टीमनं लेखी तक्रार दिली होती, खाली बाराच्या बारा सह्या. मॅडम ओरडतात, खेळाडूंवर विश्वास ठेवत नाहीत, फायनलला चुकीचे बदल केले, म्हणून आम्ही हरलो. मॅडम खुर्चीवर सरळ बसल्या होत्या. समोर अतुल आणि निकेश, पोरांच्या वतीनं.

चहा न्यायचं काम अंजनाबाईचं. दार उघडून ती आत गेली तेव्हा प्राचार्य म्हणत होते, "म्हणजे मॅडम, तुम्हीही मान्य करता की निर्णय चुकला?"

मॅडम म्हणाल्या, "अतुलला आत घेतलं तिथून सामना फिरला, सर. तो निर्णय माझा होता."

अंजनाबाईनं ट्रे टेबलावर ठेवला. कप ठेवायचे सोडून ती तशीच उभी राहिली.

"साहेब, मले बोलाचं हाय."

"मावशी, नंतर."

"नंतर नाई साहेब. मॅडमची चूक नाई. हे पोट्टे मुद्दाम हरले. यायनं ठरवून मॅच घालवली. मले या निकेशनं सोता सांगतलं, मूलच्या टपरीवर."

मॅडमनी मान वळवून निकेशकडे पाहिलं. अतुल पहिल्यांदा सावरला. "सर, मावशी काय बोलून राह्यल्या? आमी मुद्दाम हरू? फायनल?"

प्राचार्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. पण मुद्दाम हरल्याचं बाहेर गेलं तर टीमवर बंदी, वर्तमानपत्रात नाव, विद्यापीठाची चौकशी, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना अंजनाबाईला दिसलं. ते म्हणाले, "निकेश, तू सांग. तू असं काही बोललास?"

निकेश उभा राहिला. अंजनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं. कशाच्या जोरावर वाटत होतं, देव जाणे, पण वाटत होतं.

"नाई सर," तो म्हणाला. "मावशीले गैरसमज झाला. मी मनलं होतं, एकच मॅच तं होती, पुढच्या साली जिंकू. असं."

"झालं तर मग," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. "मावशी, तुमचं टीमवर प्रेम आहे, सगळ्यांना माहीत आहे. पण हा विषय तुमचा नाही. चहा ठेवा आणि जा."

तिनं चहा ठेवला. निकेशच्या पुढंही ठेवला. दाराशी आल्यावर मागं मॅडमचा आवाज ऐकू आला. "ठीक आहे सर. मी महिनाअखेर सोडते. करार वाढवू नका."

दुपारी मॅडम कोर्टाच्या पायरीवर येऊन बसल्या. अंजनाबाई त्यांच्याजवळ बसली. कोर्टावर कोणी नव्हतं.

"खरं आहे ना मावशी ते?"

"खरं हाय मॅडम. तथागताची आन."

मॅडमनी वही उघडून दाखवली. पानंच्या पानं भरलेली. कोणाला कधी बदललं, कधी वेळ मागितली, कुठल्या पासनंतर काय झालं. "दोन दिवस हेच करत बसले. कुठं चुकलं ते शोधत. माझी चूक असती तर मला सुधारता आली असती. आता या वहीचं काय करू, सांगा." मग म्हणाल्या, "अतुलचं मी समजू शकते. पण निकेशनं..." त्यांनी वही मिटली.

"मीच सांगतलं नसतं तं बरं झालं असतं का?"

"नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. पण लगेच म्हणाल्या नाहीत.

*

जानेवारीत जुने सर परत आले. सकाळचा सराव सहाचा झाला, मग सातचा, मग संध्याकाळी ज्याला वाटेल त्याचा. अंजनाबाई कोर्ट झाडायची, कारण ते तिचं काम होतं. पायरीवर बसायची नाही. उपविजेत्या टीमचा फोटो मोठा करून आणला, तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी तिला तो व्हरांड्यात लावायला सांगितला. फोटोत मॅडम नव्हत्या. कडेला उभ्या होत्या, तेवढी कड कापली होती. अंजनाबाईनं फोटो बाबूंच्या टेबलावर परत नेऊन ठेवला. "मेमो द्याचा असन तं द्या. मी नाई लावत." मेमो कोणी दिला नाही. फोटो दुसऱ्या शिपायानं लावला.

एका रविवारी निकेश तिच्या दारात आला. हातात पिशवी, गावाकडची चारोळी. तिनं आत ये म्हटलं नाही.

"मावशी, माफ करा जी."

"माही कायची माफी? माह्यं काय गेलं?"

"तुमाले खोटं पाडलं मी. झोप येत नाई मले."

"मंग जा ना प्राचार्याकडं. जे मले मूलले बोल्लास, ते त्यायले बोल. नाई तं गडचिरोलीले जा. मॅडम तिथी शाळेत पोरीयले शिकवून राह्यल्या. तासाभराची तं वाट हाय."

निकेश पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "सर्टिफिकेट जाईन मावशी."

"जाईन."

अंजनाबाईला एकदा वाटलं, आत बोलवावं. पोरगा वाळला होता. पण तिनं दार लोटून घेतलं, आणि दाराच्या आत, कडीवर हात ठेवून, त्याच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत उभी राहिली. चारोळीची पिशवी तो ओट्यावर ठेवून गेला होता. तिनं ती शेजारणीला देऊन टाकली. तो प्राचार्यांकडे गेला नाही, आणि गडचिरोलीलाही गेला नाही. गडचिरोलीचं तिला नंतर मॅडमकडून कळलं.

फेब्रुवारीत मॅडमचा फोन आला. "मावशी, रविवारी माझ्या पोरींची पहिली मॅच आहे. याल?" अंजनाबाई म्हणाली, पाहते. रविवारी मात्र ती सकाळच्याच काळीपिवळीत बसली. वैनगंगेचा पूल ओलांडताना तिला जाणवलं, आज आपण पाण्याची कॅन आणली नाही.

मॅडमच्या पोरी आठवी-नववीतल्या. काही जणींचे बूट मोठे होते, पुढं कापूस कोंबलेला. समोरची टीम मोठ्या पोरींची. सामना कसला, नुसती धुलाई होती. अंजनाबाई भिंतीला टेकून बसली, तोंड मिटून. मॅडमनी लांबून हात केला.

शेवटाकडे दुर्गा नावाच्या एका बारक्या पोरीला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला हुकला. दुसराही हुकला, रिंगला न लागता. आणि अंजनाबाईच्या मनात त्याच क्षणी विचार आला, मुद्दाम टाकला का हिनं? तिनं पोरीचा चेहरा निरखून पाहिला. ओठांकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, ती कोणाकडे बघते का ते पाहिलं. पोरगी कोणाकडेच बघत नव्हती. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं आणि ती बाहीनं पुसत, हमसत, पुन्हा धावत सुटली होती.

सामना ९–३४ असा संपला. पोरी मॅडमना बिलगून रडल्या. मॅडम एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. मग त्या अंजनाबाईकडे आल्या, घामेजलेल्या, थकलेल्या, पण तोंडावर पूर्वीचं काहीतरी परत आलेलं.

"कशा खेळल्या मावशी?"

"बेस खेळल्या. लहान हायेत, पन बेस."

"तुमचा आवाजच आला नाही आज."

अंजनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मॅडम, मले आता पाह्यताच येत नाई. कोनी चेंडू चुकवला का मी त्याच्या तोंडाकडंच पाह्यतो. त्या लेकरावर बी शक घेतला मी आज."

मॅडम तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. समोर दुर्गा एकटीच रिंगखाली गेली होती. चेंडू टाकत होती, हुकत होता, पळत जाऊन आणत होती. दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या.

"मीसुद्धा पाहिलं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "तिच्या तोंडाकडे."